निनियन गवंड्याची भिंत

निनियन पर्डी हाडाचा गवंडी. स्कॉटलंडच्या सीमेवरचे पाच मनोरे त्याने उभे केले होते. खाली गुरांसाठी कमानीचं तळघर, वर दिवाणखाना, त्याच्यावर मालकाची खोली, आणि ये-जा करायला एकच दार, त्याला लोखंडी जाळीचं फाटक. भिंती सात-सात फूट जाड. आत कुणी बोंबललं तरी बाहेर ऐकू जाणार नाही, याचा त्याला मोठा तोरा होता.

या शेवटच्या मनोऱ्यात मात्र त्याने एक वाईट काम केलं. दिवाणखान्यातल्या शेकोटीशेजारून भिंतीच्या पोटातून अरुंद नळी थेट मालकाच्या खोलीत नेली. खाली बोललेला शब्द वर ऐकू यायचा. "तिसऱ्याला कळलं तर तुझी जीभ माझ्या कुत्र्यांना," मालकाने बजावलं होतं. पुढच्याच महिन्यात म्हाताऱ्या स्वयंपाक्याने शेकोटीपाशी मालकाला शिव्या घातल्या आणि त्याला तळघराखालच्या कैद्यांच्या खड्ड्यात टाकलं. तो वर आला नाही. निनियन गप्प बसला. त्याला शरम वाटायची, पण भीती त्याहून मोठी होती.

त्या दुपारी तो शेकोटीचा निखळलेला दगड बसवत होता. लेक एफी जवाची भाकरी घेऊन आली. तिचा नवरा डँड मालकाची गुरं पळवल्याच्या आळावरून आठ दिवस बेपत्ता होता. सापडला तर फास ठरलेला.

"एवढ्या धोंड्याला अख्खा दिवस? म्हातारे झालात, बाबा!"

"घरी जा बाई. काम आहे मला."

"जाते हो. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून आले. डँड सुखरूप आहे. मीच लपवलंय त्याला, त्या..."

निनियनने थापीवरचा ओला चुना नळीच्या भोकात कोंबला.

"अगं बाई, उंदराचं बीळ का?"

वर खुर्ची सरकली.

"एफी, पळ. डँडला घे आणि आत्ताच्या आत्ता सीमेपार हो."

"अहो, पण भाकरी..."

"पळ म्हणतो ना!"

बापाचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती धावत सुटली. मागोमाग गोल जिन्यावरून जड पावलं उतरत आली. मालकाने चुन्याने बुजलेलं भोक पाहिलं.

"कुठे लपवलंय म्हणाली?"

"मलाही तेवढंच ऐकू आलं, मालक."

"फाटक लावा!" मालक खाली ओरडला. "पोर बाहेर जाता कामा नये!"

खिडकीच्या फटीतून एफीची तांबडी शाल ओढ्यापलीकडे दिसत होती. निनियनला हायसं वाटलं. मग खाली फाटकाचा अडसर पडला, आणि मालकाची माणसं वर येऊ लागली. त्याने हाक मारली नाही. भिंती त्यानेच बांधल्या होत्या.