सरदाराचे दात आणि कवळीवाल्यांची अक्का

दंतवैद्य पुढच्या खोलीत लोकांचे दात काढायचे आणि मागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या गर्दीत बसून, कवळीवाले ते परत बनवायचे. उभं आयुष्य यातच गेलं. रस्त्यात कुणी हसलं, की त्यांना आधी हिरडी दिसायची, माणूस मागाहून. निम्म्या गावाच्या तोंडात त्यांची कला होती, पण घरात मात्र दिव्याखाली अंधार. थोरली बहीण, अक्का, तोंडाचं बोळकं घेऊन त्यांच्याच घरी राहायची.

"कवळी लावली की म्हातारपण आलं म्हणून समज," ती म्हणायची आणि दुधात पाव कुस्करायला घ्यायची.

एके दिवशी मागच्या खोलीत एक प्रकाशक आले. काखेत पुस्तक. पुस्तक कसलं, दागिनाच! काळी कापडी बांधणी, पानांच्या कडा लालभडक, रेशमी खूणफीत, वर कडक पेटी. माणसांचं रक्त पिणाऱ्या एका सरदाराची जुनी, गाजलेली कादंबरी. मोजक्याच प्रती, त्याही फक्त संग्राहकांसाठी. पेटीच्या झाकणात मखमलीचा एक खळगा होता, रिकामा.

"प्रत्येक पेटीत इथे सरदाराचे दात बसवायचेत," प्रकाशक म्हणाले. "सुळे चांगले लांब करा."

कवळीवाल्यांनी हात पुसले. "माप?"

"कसलं माप?"

"तोंडाचं. पेशंटला घेऊन या."

"पेशंट मेलाय हो."

"अरेरे. कधी?"

"झाली चार-एक शतकं. म्हणजे तसा पुरता मेलेला नाही, हीच तर गोष्ट आहे."

"मग आहे तसा घेऊन या."

हे दात नुसते बघायचे आहेत, असं प्रकाशकांनी परोपरीनं सांगितलं. कवळीवाल्यांच्या ते पचनी पडेना. तोंडाशिवाय दात बनवायचे म्हणजे नवरीशिवाय लग्न लावायचं! शेवटी पेशंट कळावा म्हणून त्यांनी पुस्तक घरी नेलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. बायको भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली. अक्का मात्र हळहळली.

"एवढी मोठी गढी, आणि बिचाऱ्याला नुसतं पातळ पिऊन राहावं लागतं. माझ्यासारखंच."

कवळीवाल्यांनी संधी साधली. "त्याच्या दातांसाठी माप हवंय, अक्का. तू देशील?"

"माझ्या कवळीसाठी नव्हे ना?"

"छे! सरदाराच्या."

"मग घे बाबा. सरदाराला नाही कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांच्या खुर्चीत अक्कानं राणीच्या थाटात आ केला. कवळीवाल्यांनी जीव ओतून वरची-खालची जोडी घडवली. सुळे पार खालच्या ओठावर येणारे. नमुना बसतो का बघायला तो मागच्या खोलीत अक्काच्या तोंडात घातला. अक्कानं आतून जीभ फिरवली. टेबलावर दंतवैद्यांचं सफरचंद होतं, ते उचललं आणि कचकन चावलं. असा आवाज झाला, की पुढच्या खोलीतला पेशंट दातासकट घरी निघून गेला. अक्कानं देठ तेवढा ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काढ आता, अक्का. नमुना आहे तो."

"कुणाच्या मापाचा?"

"तुझ्या."

"मग झाला कुणाचा?"

"मी तुला साधी कवळी करून देतो ना."

"म्हातारीची? नको. ही सरदाराची आहे."

त्या दिवसापासून अक्का सुळ्यांसकट हिंडू लागली. भाजीवाल्यानं न मागता मूठभर मिरच्या जास्त टाकल्या. तिच्या खिडकीवर ओले कपडे ठिबकवणारे वरच्या मजल्यावरचे लोक कपडे पिळून वाळत घालू लागले. मग पेन्शनच्या कचेरीत हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. कवळीवाले सोबत गेले. कारकुनानं मान वर केली. अक्का आपुलकीनं हसली. कारकुनाचं पेन थबकलं.

"आजी, तुम्ही... हयात आहात ना?"

"समोर बसलेय की!"

"बसलाय खरं. पण साहेबांना विचारून येतो."

साहेबांनी दारातूनच पाहिलं. "सही कर," ते कारकुनाला हळूच म्हणाले. "नसल्या तरी कर."

कवळीवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण कचेरीच्या पायऱ्या उतरताना अक्का कनवटीचे फुटाणे काढून कुडुमकुडुम खात होती, आणि तो आवाज ऐकत तेही मागून उतरले. कवळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

इकडे बाकीच्या पेट्यांसाठी त्याच मापाच्या जोड्या तयार झाल्या, पण नमुना अक्काच्या तोंडात राहिल्यामुळे ऐन वेळी एक जोडी कमी पडली. प्रकाशकांना थांबायला सवड नव्हती. एक प्रत रिकाम्या खळग्यानिशीच गेली. ज्याला ती मिळाली, त्या संग्राहकानं तक्रार करायची सोडून चारचौघांत मिशीला पीळ दिला. "तुमच्या पेटीत सरदाराचे दात आहेत. माझ्या पेटीतले तो स्वतः येऊन घेऊन गेलाय!"

झालं. बाकीच्यांच्या पोटात दुखू लागलं. आमच्याही पेटीतून त्यानं दात नेलेले हवेत, असा धोशा सगळ्यांनी लावला. प्रकाशक पुन्हा मागच्या खोलीत आले आणि एक जड पिशवी टेबलावर ठेवून हात जोडले.

"एवढे दात परत घ्या, पाया पडतो."

"मी काय करू यांचं? सगळे एकाच तोंडाचे आहेत!"

"मग त्या तोंडाला द्या."

घरी अक्कानं पिशवी पलंगावर उपडी केली. आता जन्मभर दातांची ददात नव्हती. तिनं एकेक जोडी उजेडात धरून, तोंडात घालून पाहिली आणि कपड्यांच्या घड्या लावाव्यात तशा रांगा लावल्या.

"या बाहेर जायच्या. या घरात वापरायच्या," ती भावजयीला म्हणाली. "आणि ही धारदार वेगळी ठेव. पाहुणे फारच मुक्काम ठोकून बसले, तर काढू."

कवळीवाल्यांनी उठून कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला.