पाटाच्या शेवटची बांधी

बपेऱ्याच्या बाजूच्या एका गावात सेवकराम तलावाचं पाणी वाटायचा. गावाची रीतच अशी, की पाणी वाटणाऱ्याचं शेत, म्हणजे त्याची धानाची बांधी, पाटाच्या अगदी शेवटी असायची. बापाचीही तिथंच होती. परक्याला वाटावं, काय हा अन्याय!

ऐंशी सालाच्या सुमारास परदेशी मदतीची योजना आली. तलावाला लोखंडी दार बसलं, दाराला कुलूप लागलं आणि किल्ली गेली भंडाऱ्याच्या कचेरीत. आता घ्या! धान इथं तहानलेलं अन् किल्ली दोन बस बदलून तिथं. पण सेवकराम कधी चिडला नाही. अर्ज घेऊन जायचा, शिपायासोबत तंबाखू मळायचा आणि किल्ली घेऊनच परतायचा. पण असे खेटे किती दिवस घालणार? किल्ली गावात यावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तिसऱ्या वर्षी परदेशी साहेब पाहणीला आला. सोबतच्या इंजिनियरनं मोठ्या मनानं जाहीर केलं, की सेवकरामला सरकारी नेमणूक देऊ, किल्लीही देऊ, शिवाय शेवटच्या बांधीऐवजी तलावाला लागून जमीन देऊ. त्याची बायको धुरपता हरखूनच गेली. बिचारीनं उभा जन्म त्या टोकाला चिखल तुडवला होता.

सेवकराम म्हणाला, किल्ली द्या, जमीन नको. इंजिनियरचं डोकंच फिरलं. साहेबानं कारण विचारलं.

"माझी बांधी शेवटी हाये, म्हणून पाणी शेवटपर्यंत जाते. वर बसवलं, त मी कायले पाट पाहाले जाईन?"

साहेबानं ते वहीत टिपून घेतलं. किल्ली मात्र भंडाऱ्यालाच राहिली. धुरपता आठ दिवस बोलली नाही, मग तीच म्हणाली, बरं केलं.

दोन वर्षांनी एक तरुण अधिकारी गावाला नवी पद्धत शिकवायला आला. परदेशात मोठा अभ्यास झालाय म्हणाला. यापुढे किल्ली पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याकडेच राहील, म्हणजे पाणी सगळ्यांना पोचेल. गाव गालातल्या गालात हसत होतं. सेवकराम पहिल्या रांगेत बसून शहाण्या पोरासारखा मान डोलवत होता.

"शेवटची बांधी कोणाची आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

सेवकरामनं हात वर केला.