राखीव जागेवर चेअरमनचा फोटो

बाळांनो, क्रमानं सांगते, नाहीतर रागाच्या भरात काहीतरी सुटेल.

तुमची आत्या ज्या छोट्या कारखान्यात प्रोग्रॅम लिहिते, तिथे दूध तपासायची मशीनं बनतात. वाटीभर दूध लावलं की पडद्यावर फॅट दिसते. अशाच एका मशीननं यंदा आपल्याकडे रतीब घालणाऱ्या मावशींना चोर ठरवलं.

मावशी गडमुडशिंगीकडच्या एका वाडीवरून येतात. उरलेलं दूध तिथल्या दूध संस्थेत घालतात. त्या सकाळी दारातच रडू लागल्या.

"आजी, समद्या लायनीसमोर चेअरमन म्हनला, दुधात पाणी घालतीस! परत फॅट कमी लागली तर सभासदत्व काढतो म्हनला. म्हस व्याऊन म्हैनाच झालाया, दूध जरा पातळ असतंयच की. तर म्हनतोय, मशीन खोटं बोलतंय व्हय?"

"बाकीच्यांची किती लागते?" आत्यानं विचारलं.

"समद्यांचीच जरा कमी. वैरणीला दोष देत्यात."

आत्यानं चहा तसाच ठेवला. मशीन तिच्याच कारखान्याचं होतं. आम्ही दोघी मावशींबरोबर निघालो.

संस्थेत तिनं मशीनला लॅपटॉप जोडला आणि कपाळाला हात लावला. तिनं मला जे समजावलं ते असं. मशीन जे लक्षात ठेवतं ते एका फ्लॅश चिपवर, लहान लहान ब्लॉकमध्ये लिहिलेलं असतं. काही ब्लॉक नव्या चिपमध्येच खराब निघतात, काही वापरून खराब होतात. त्यात गैर काही नाही. पंगतीत एखादा पाट मोडका निघाला तर पाहुण्याला आपण पुढच्या पाटावर बसवतो, तसा प्रोग्रॅम खराब ब्लॉक सोडून पुढच्यावर लिहितो. पण त्यासाठी पुढे पाट रिकामे हवेत ना! आत्यानं आखणी करताना असे ब्लॉक राखून ठेवले होते.

कारखान्याच्या मालकानं ते भरून टाकले. कशानं? चेअरमनच्या फोटोनं! मशीन चालू केलं की पडदाभर फेटा, मिशा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. आत्यानं तेव्हाच हरकत घेतली होती. मालक म्हणाला होता, "म्याडम, मोकळी जागा ठिवून तिची काय पूजा करायची? गिऱ्हाईक खूश झालं पायजे."

मग म्हशीच्या दुधाची फॅट मशीन ज्यावरून काढतं तो तक्ता ज्या ब्लॉकवर होता, तोच खराब झाला. तक्ता हलवायला जागा नाही. मशीन गाईच्या दुधाच्या तक्त्यावर चालू लागलं आणि म्हशीच्या दुधाची फॅट कमी दाखवू लागलं. मशीन चालू होताना तशी सूचना पडद्यावर येत होती, पण तीही फोटोखाली झाकलेली! आणि एवढ्यावर एका बाईची अब्रू काढायची?

आत्यानं फोटो पुसला, तक्ता पुन्हा बसवला. मावशींचं दूध लावलं. पास!

"झालं की मग," चेअरमन म्हणाला. "मशीन नीट झालं, विषय मिटला. पावणं, च्या घ्या."

"चहा राहू दे," मी म्हटलं. "ज्या लायनीसमोर बोललात, तिच्यासमोरच चूक कबूल करा."

संध्याकाळी लाईन लागली. चेअरमन खिडकीतून पुटपुटला, "मावशीचं दूध चोख हाय. चूक मशीनची हुती."

मावशींनी किटली खिडकीत ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मागं ऐकू गेलं न्हाय, चेअरमन. पाणी म्हनलासा तवा गल्लीभर ऐकू आलतं."

त्याला ओरडून सांगावं लागलं. तेव्हा कुठे त्यांनी किटलीवरचा हात काढला.