निकिता आणि पंधरा जणांचा विषय

एका मुलीने हट्टाने आमच्या कॉलेजला अख्खा एक विषय सुरू करायला लावला.

ती मुलगी, माझी मैत्रीण निकिता, मागच्या वर्षी आजच्या दिवशी गेली. डेंग्यूचं निमित्त झालं.

हॉस्पिटलबद्दल मला काहीच लिहायचं नाहीये.

मला लिहायचंय त्या एका आठवड्याबद्दल. तेवढी मजा, तेवढी धडधड परत कधी अनुभवली नाही!

बीबीएचं दुसरं वर्ष संपत आलेलं. तिसऱ्या वर्षाला स्पेशलायझेशन निवडायचं असतं. एचओडी सर वर्गात येऊन म्हणाले, "मार्केटिंग, फायनान्स, एचआर. सोमवारपर्यंत ठरवा."

निकिता उभी राहिली.

"सर, सिलॅबसमध्ये चौथं पण आहे. ॲग्री बिझनेस."

"ते छापलेलं असतं गं. कुणी घेत नाही."

"मी घेते."

सर हसले. "एकटीसाठी टीचर कुठून आणू? सोमवारपर्यंत पंधरा जण आण. सुरू करतो."

मागच्या बाकावरून सणसवाडीचा विशाल ओरडला, "शेतीच करायची तर बीबीए कशाला केलं मग?"

वर्ग फुटला हसून.

प्रश्न तसा बरोबर होता. आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी शेती. आणि शेतीतून सुटावं म्हणूनच तर आम्हाला बीबीएला घातलेलं.

निकिताच्या घरी, राहू गावात, फुलांची शेती. लहानपणापासून वडिलांबरोबर टेम्पोत बसून पुण्याला मार्केट यार्डात जायची.

दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर शेवंती घेऊन आली. प्रत्येकाच्या बाकावर एकेक फूल ठेवलं.

"ह्याचा भाव कोण ठरवतं? सांगा!"

कुणी म्हणालं शेतकरी. कुणी म्हणालं व्यापारी. कुणी म्हणालं गणपती.

"मला पण नीट माहीत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं आपण साबणाचं मार्केटिंग शिकतोय, शाम्पूचं शिकतोय. घरी पिकतं त्याचं कधी शिकायचं?"

कुणीच हसलं नाही.

मग काय, वादळ! कॅन्टीनमध्ये निकिता. एसटी स्टँडवर निकिता. ग्रुपवर निकिताचे व्हॉइस मेसेज, तेही एवढे लांब की पोरं वैतागून हो म्हणायची.

रविवारी तिच्यासकट तेरा झाले.

मी मनातून कधीच तयार होते. पण आमच्या आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ठरवलेलं की पोरगी फायनान्स घेणार आणि बँकेत लागणार. त्यांच्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती.

तर ही बया स्कूटी काढून थेट आमच्या घरी, भांडगावला!

आप्पा ओट्यावर बसलेले. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आगं पोरी, शेतीतनं भायेर काढायला हिला कालिजात घातली. आन् तू परत शेतीतच ढकलाया निघालीस व्हय?"

"शेतात न्हाई हो आप्पा. माल शेतातनं निघाल्यावर पुढं जे काय व्हतं ना, तिथं."

"आन् नोकरी लागंल का?"

मी डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण, हो म्हण.

"ते मला म्हाईत न्हाई आप्पा. खोटं कशाला बोलू?"

आप्पांनी तिला नीट निरखून पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या वडलांनी दिली का परवानगी?"

"न्हाई अजून. तुम्ही हो म्हणला की त्यांना सांगणार हाय, भांडगावचे आप्पा बी हो म्हणले!"

आई आतून हसायला लागली. आप्पांनी हसू दाबून पाहिलं. मग तेही असे हसले की डोळ्यांत पाणी. आणि स्वतः निकिताच्या वडिलांना फोन लावला.

चौदा!

सोमवारी आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये. सरांनी मोजलं. "एक कमी आहे, निकिता. सॉरी. नियम नियम असतो."

दोन वर्षांत तिला गप्प बघायची ती माझी पहिलीच वेळ.

तेवढ्यात दार ढकलून विशाल आत.

"सर, माझं नाव घाला. आमच्या आईचं भाजीचं दुकान हाय. माल येतो कुठनं, सडतो कुठं, एवढं तरी कळंल."

निकिता अशी किंचाळली की शिपाईमामा पळत आले!

सरांनी शब्द पाळला. तासिका तत्त्वावर एक मॅडम आल्या, एकदम भारी. पहिली व्हिजिट राहूच्या गुऱ्हाळावर. चुलाणाची धग, काहिलीत उकळणारा रस, आणि "सप्लाय चेन" म्हणजे काय ते मॅडम ओरडून ओरडून सांगतायत. पोरांचं लक्ष गरम गुळात. तरी परीक्षेत त्यावरच प्रश्न आला आणि सगळ्यांनी पानंच्या पानं भरली.

आज मी भाजीच्या कलेक्शन सेंटरवर खरेदी बघते. बँकेत नाही. आप्पा गावभर सांगत फिरतात.

विशालच्या आईच्या दुकानाची दोन दुकानं झाली.

निकिताने राहूच्या फुलवाल्यांना एकत्र आणलं. प्रतवारी करून, सगळ्यांचा माल एकाच गाडीने पाठवायला लावला. तिच्या वडिलांनी सुरुवातीला खूप वाद घातला. ती गेल्यावर मात्र त्यांनी ती गाडी थांबू दिली नाही.

आणि आता बातमी!

काल सरांचा फोन आला. यंदा ॲग्री बिझनेसच्या जागा पहिल्याच दिवशी भरल्या. कुणाला कुणाच्या घरी जावं लागलं नाही. मी ऑफिसमध्ये उभी राहून ओरडले!

आणि फोन ठेवला तो लगेच तिलाच लावायला गेले. नाव दिसलं. मग कळलं.



आज तिचं वर्षश्राद्ध. आम्ही उरलेले चौदा जण राहूला निघालोय. निकिताच्या आई, आमच्या काकू, म्हणाल्यात, रडत येऊ नका, भूक ठेवून या.

येतोय गं, निके.

तुला आम्हा सगळ्यांची प्रेमाची श्रद्धांजली.