तिच्या गळ्यातली शिट्टी

मॅडमनी कोमलच्या गळ्यातली शिट्टी काढली. विचारलं नाही. दोरी तिच्या वेणीत अडकली, ती ओढून सोडवली. आणि आर्यन नावाच्या पोराच्या गळ्यात घातली. आर्यन सोसायटीतला. समोर खुर्च्यांवर त्याचे आईबाप मोबाइल धरून बसलेले.

कोमल आमच्या वस्तीतली. चौदा वर्षांची. तिनं माझ्याकडं बघितलं. मी स्टेजच्या खाली, जनरेटरजवळ, लेझमीच्या रिकाम्या पोत्यावर बसलो होतो. खुर्ची कुणी दिली नव्हती. मीही मागितली नव्हती.

मी म्हणालो, "मॅडम, आज शिट्टीची पाळी तिची हाय."

त्या वाकल्या. आवाज गोड. "काका, हा कॅम्प आमच्या मुलांचा कॉन्फिडन्स वाढवायला आहे ना? शेवटच्या दिवशी पालकांना लीडर दिसायला नको का? तुमच्या मुलींना काय, त्या नाचतीलच."

ती शिट्टी माझ्या बायकोची. तिला सगळी वस्ती आक्का म्हणायची. ती गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. आम्ही साताऱ्याकडची माणसं. मी तुर्भ्याच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिली. मी चौथी, ती तेवढीही नाही. पण संध्याकाळी वस्तीमागं, जिथं ट्रक उभे राहतात, तिथल्या मोकळ्या जागेत ती पोरींना लेझीम शिकवायची. वयात आलेल्या पोरी. आईबाप म्हणायचे, आता घरात बस. आक्का दारात जाऊन उभी राहायची आणि पोरीला घेऊनच यायची.

लेझमीत शिट्टीवर चाल बदलते. जिच्याकडं शिट्टी, ती पुढं. आक्काचा नेम असा, की शिट्टी दर खेपेला नव्या पोरीकडं. जिची पाळी संपली तिनंच स्वतःच्या हातानं पुढचीच्या गळ्यात घालायची. आक्का मधे पडायची नाही. पोरगी बुजरी असो, बोलताना अडखळणारी असो, पाळी चुकायची नाही. कोमलला आधी शिट्टी फुंकता यायची नाही. नुसती हवा जायची. बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. आक्का म्हणाली, "हसा खुशाल. पण तिच्या शिट्टीबिगर पाय उचलायचा नाय." अंधार पडेस्तोवर सगळ्या उभ्या. शेवटी वाजली.

आक्का गेल्यावर लेझिमी पोत्यात बांधून खाटेखाली गेल्या. मी खाटेवर. दिवसच्या दिवस बोलणं नाही. दुकानात पाव मागायच्या आधी घसा खाकरावा लागायचा, नाहीतर आवाजच निघायचा नाही.

मग त्या मॅडम वस्तीत आल्या. खांदेश्वरकडच्या एका सोसायटीत मोठ्या मुलांचा लीडरशिप कॅम्प होता. समारोपाला मराठमोळं काहीतरी हवं होतं. पोरींनाही सर्टिफिकेट देऊ म्हणाल्या. कोमल माझ्याकडं आली. "आबा, तुमी नुसतं संगं चला. मोठं माणूस पायजे."

मला कुणीतरी चला म्हणालं होतं. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. कोमलच्या बापाच्या टेम्पोत पोरींबरोबर बसून गेलो.

आणि आता त्या स्टेजवर आर्यननं शिट्टी फुंकली. जोरात. पोराला चांगली फुंकता येत होती. आमच्यातल्याच एका पोरीच्या गळ्यात हलगी होती, ती वाजली नाही. एक पोरगी हलली नाही. लेझीम धरून, गुडघे वाकवून, तशाच. त्यानं परत फुंकली. खुर्च्यांत हसू पसरलं. मॅडम माइकवर म्हणाल्या, "मुली जरा घाबरल्यात. एवढं मोठं स्टेज पहिल्यांदाच बघतायत."

घाबरणं मला माहीत आहे. व्यापारी शिवी द्यायचा तेव्हा पोतं मानेवर असायचं. मान वर करायची सोय नव्हती. पोतं उतरलं तरी मान तशीच राहिली. आक्का टोकायची, "मान वर करा की जरा. पोतं नाय आता." या पोरींच्या माना वर होत्या. आक्का गेली तरी तिचा शब्द त्यांनी मोडला नव्हता.

मी उठलो. पायऱ्या चढलो. कमिटीच्या एका साहेबानं दंड धरला. "काका, वर नाही, वर नाही." मी त्याचा हात काढून बाजूला ठेवला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की नंतर तुम्हाला चांगल्यातली नवी शिट्टी घेऊन देऊ, आता तमाशा नको.

"ही माझ्या बायकोची हाय," मी म्हणालो. "तिच्या नेमानं चालंल. नायतर चालणार नाय."

माइक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

पोरगं वाईट नव्हतं. कान लाल झाले त्याचे. शिट्टी काढून माझ्या हातात द्यायला लागलं. मी हात मागं घेतला.

"मला नगं. जिच्या गळ्यातनं काढली, तिच्या गळ्यात घाल."

त्यानं घातली. कोमलनं दोरी वेणीखालनं सरळ केली. फुंकली. हलगी कडाडली. पण पोरी स्टेजवर नाचल्या नाहीत. वळल्या. पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या मधनं, ताल धरून फाटकाकडं निघाल्या. मी कोमलला काही सांगितलं नव्हतं. टाळी कुणी वाजवली नाही. रिकामं पोतं काखेत मारून मी मागनं गेलो.

वस्तीत कुणी शाबास म्हणालं नाही. कोमलची आई दारात येऊन म्हणाली, "आबा, तुमचं काय जातंय? पोरींचं सर्टिफिकेट बुडालं. पुढं कॉलेजला कामी आलं असतं." आईचा जीव, तिचंही खरं. काही पोरी यायच्या बंद झाल्या. घरात शिरलो की अजूनही वाटतं, आक्काला सगळं सांगावं, मी मान वर केली त्याचं. तोंड उघडतो. खोली तशीच.

आता रोज ऊन उतरलं की पोतं घेऊन ट्रकांच्या मधल्या त्या जागेत बसतो. मला लेझीम येत नाही. माझं काम बसायचं. कधी चार-पाच येतात. कधी कोमल एकटीच. एकटी असली तरी शिट्टी वाजवते.

कुणाच्या समारोपाला आता पोरी जाणार नाहीत. बघायचं त्यानं इथं यावं, धुळीत उभं राहावं. आर्यन आला तरी चालेल. लेझीम देईन, रांगेत शेवटी उभा करीन. पाळी आली की त्याच्याही गळ्यात पडेल, आधीच्या पोरीच्या हातानं. पण पाळी नसताना कुणाचा हात पोरीच्या गळ्याकडं गेला, तर मनगट धरीन. जन्मभर पोती उचललेला हात आहे. सुटायचा नाही.