माझ्या वडलांची पाणपोई

आमच्या भागात वाळवंट नाही. एकच होतं, तेही नऊ दिवसांपुरतं, आणि ते मीच तयार केलं होतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी मंठ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचो. उर्दूतून शिकवायचो, त्यामुळे मला जालन्यापेक्षा अरबस्तान जास्त पाठ होतं. उन्हाळ्याच्या सुटीत बायको इंदू आणि सहा वर्षांची कुसुम यांना घेऊन कुंभार पिंपळगावला आमच्या घरी यायचं, आंबे खायचे आणि गावकऱ्यांना जगाची माहिती द्यायची, असा माझा दरवर्षीचा क्रम. (माहिती कुणी मागत नसे. मी देत असे.)

वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दारावरून कुणी तहानलेला गेला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. म्हणून आईच्या सांगण्यावरून तीर्थपुरीच्या वाटेवर, गावापासून दीड कोसावर, माळावरच्या एकुलत्या एक लिंबाखाली आम्ही त्यांच्या नावाने पाणपोई घातली. पाडव्याला सुरू करायची, मृगाच्या पावसाला बंद. रांजण आमच्या कुंभाराने मुद्दाम घडवलेला. त्यात सकाळी ओतलेलं पाणी दुपारी प्यायलं की दात शिरशिरायचे. पलीकडच्या वस्तीवरची गयाबाई नावाची म्हातारी तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायची. आमची गाडी रोज सकाळी पाणी नेऊन ओतायची. पाटी मात्र मी स्वतः रंगवली होती. वर वडलांचं नाव आणि खाली, 'वाटसरूंनो, थांबा. इथे पाणी कमी पडत नाही.' मराठीत एकदा आणि उर्दूत एकदा, म्हणजे कुणाला शंका नको.

त्या वर्षी सासुरवाडीची मंडळी आमच्याकडे राहायला येणार होती. सासरे तात्यासाहेब हैदराबादच्या कचेरीतून निवृत्त झालेले. अत्यंत साधा माणूस. जेवायला काहीही चालायचं, झोपायला कुठेही चालायचं, फक्त पाणी गार लागायचं. बरोबर माझा मेहुणा दिगंबर, कॉलेजात शिकणारा. शहराची वेस संपली की जंगल सुरू होतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

पाहुणे यायला दोन दिवस राहिले आणि आमच्या घरचा रांजण तडकला. मी कुंभाराकडे धावलो, तर त्याची भट्टी लागायला अजून आठ दिवस होते. आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. ती घरात असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. ती नव्हती, म्हणून मी गाडी जुंपायला लावली, माळावर गेलो आणि गयाबाईला म्हणालो, "दोन दिवसांसाठी रांजण नेतो. पाहुणे येऊन राहिलेत."

"न्या की, मास्तर," ती म्हणाली. "तुमचाच हाय."

घरी इंदूला सांगितलं, कुंभाराने दिला. खोटं बोलल्याचं पहिले दोन दिवस टोचलं. तिसऱ्या दिवशी टोचणं थांबलं, आणि चौथ्या दिवशी मी ते चक्क विसरलो. आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, ज्याची लाज वाटते ते विसरायला मला कधीच फार वेळ लागलेला नाही. तात्यासाहेब प्रत्येक पेल्यामागे त्या पाण्याची तारीफ करायचे. मी मान खाली घालून, विनयाने, ती स्वीकारायचो.

आठव्या दिवशी दिगंबरने जांभई देऊन विचारलं, "दाजी, तुमच्या मुलखात बघण्यासारखं काहीच न्हाई का?"

भूगोलाच्या मास्तरला असं विचारू नये. मी म्हणालो, उद्या सकाळी चल, अर्ध्या दिवसात तुला अरबस्तान दाखवतो. माळ तुडवत पाणपोईपर्यंत पायी जायचं, लिंबाखाली धपाटे खायचे, दुपार काढायची आणि उन्हं कलली की परत. तात्यासाहेब म्हणाले, मीही येतो, घरात बसून पाय आखडले. इंदू आणि कुसुमही निघाल्या. गाडीवानाने गाडी काढू का विचारलं, तर मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बैलांना वैरण टाकायला निघून गेला.

निघताना इंदूने फिरकीचा तांब्या भरून घेतला. मी तो तिच्या हातातून काढून ओट्यावर ठेवला.

"अहो, लेकरू आहे बरोबर," ती म्हणाली.

"बापाच्या नावाने पाणपोई घातलीय, आणि तिथं जाताना पाणी बरोबर नेऊ? लोक काय म्हणतील?" असं म्हणून मी घरच्या रांजणातलं गार पाणी दोन पेले प्यायलो आणि पुढे झालो. (हो, त्याच रांजणातलं. मला काही आठवलं नाही. मी तृप्त झालो होतो.)

सरळ वाटेने गेलो असतो तर दीड कोस काही फार नव्हता. पण सरळ वाट म्हणजे कसलं वाळवंट? मी सगळ्यांना वाट सोडून बरडावरून फिरवून नेलं. वैशाखाचं ऊन. नऊ वाजले तशी जमीन तापली. चहूकडे मुरूम, दगड आणि वाळलेलं कुसळ. मी काठी उंचावून उंटांविषयी, तांड्यांविषयी, खजुरांविषयी बोलत होतो. कुसुमने विचारलं, उंट कुठे आहेत? मी म्हणालो, आपण समजायचं. तिने लांबवरच्या दोन शेळ्यांना उंट समजून घेतलं.

"दाजी, तिकडं पाणी दिसतंय," दिगंबर म्हणाला.

"ते मृगजळ," मी खूश होऊन सांगितलं आणि त्याच्यावर बराच वेळ बोललो.

तात्यासाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. त्यांचा आवाज जरासा बसला होता. "जावईबापू, घरी काय गार पाणी असतं हो. तिथलं पाणीही तसंच गार असेल का?"

"अगदी तसंच," मी छाती काढून म्हणालो. "तसंच असणार, कारण तो रांजण आणि हा रांजण..."

तोंड उघडंच राहिलं. पाय थांबले. मागून येणारी इंदू माझ्यावर आदळली.

तो रांजण आणि हा रांजण एकच होता, आणि तो आमच्या ओसरीवर होता. रांजण नाही म्हणून आठ दिवस गाडीही माळावर गेली नव्हती. पुढे कोसभर पाणी नव्हतं, मागे, फिरून आलो त्या वाटेने, दोन कोस नव्हतं. मी सासऱ्यांना, बायकोला आणि पोटच्या पोरीला भर उन्हात एका रिकाम्या ओट्याकडे घेऊन चाललो होतो. आणि पाण्याचा तांब्या मी माझ्या हाताने घरी ठेवला होता.

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी काय केलं? मी म्हणालो, माझ्या पायात काटा मोडला, आपण परत फिरू या.

तात्यासाहेब मोठे मायाळू. ते लगेच दगडावर बसले, चष्मा लावला, माझा पाय मांडीवर घेतला आणि खिशातून चिमटा काढला. त्या तळपत्या उन्हात, कोरड्या घशाने, तो वयस्क माणूस माझ्या पायातला नसलेला काटा शोधत राहिला. खूप शोधला. शेवटी म्हणाले, "सापडत नाही, पण खोल असणार, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय." माझ्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते काट्याचं नव्हतं. मग ते म्हणाले, मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणं बरं, पाणी जवळ आहे. दिगंबरने मला खांदा दिला. आता मला लंगडावंही लागत होतं. कोणत्या पायाने लंगडायचं ते मी दोनदा विसरलो. इंदूने ते पाहिलं. त्यानंतर ती माझ्याकडे पाहतच चालली.

कुसुमने पाणी मागितलं. एकदा मागितलं, दोनदा मागितलं, मग मागणं बंद केलं आणि नुसती माझं बोट धरून चालू लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते. आयुष्यात मी पुष्कळ वेळा ओशाळलो आहे, पण तिने मागणं बंद केलं तेव्हा मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नाही. मी तिला खांद्यावर घेतलं. लंगडणं आपोआप थांबलं.

लिंब दिसला. पाटी दिसली. 'इथे पाणी कमी पडत नाही.' आणि पाटीखाली, सावलीत, गयाबाई बसली होती.

मी उपरणं तोंडावरून ओढून घेतलं, फक्त डोळे उघडे ठेवले आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. म्हटलं, अरबस्तानात असंच गुंडाळतात.

रांजणाच्या जागी मातीच्या ओट्यावर नुसता गोल खळगा होता. शेजारी पितळी घागर, तिच्यावर ओलं फडकं. गयाबाईने विचारलं नाही, कोण, कुठले. आधी वाटी भरून कुसुमच्या तोंडाला लावली. मग म्हणाली, "पानी हाय, पर थोडंच हाय बरं का. एकेक वाटी घ्या."

तात्यासाहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग खळग्याकडे पाहिलं. "बाई, इथला रांजण कुठे गेला?"

"मास्तरनं नेलाय घरी. त्यायच्याकडं पाव्हणे आलेत, हैदराबादचे. लई मोठे लोक हायेत म्हनं, गार पान्याबिगर चालत न्हाई त्यायला. दोन दिसांसाठी नेतो म्हन्ले. आज नववा दिस हाय."

"मग हे पाणी?"

"वस्तीवरून आनते डोक्यावर. दोन खेपा व्हतात. काय करावं मंग? काल एक लेकुरवाळी आल्ती, पाटी बघून थांबली. तिला न्हाई कसं म्हनावं? मास्तरच्या बापाचं नाव हाय वर."

तात्यासाहेबांच्या हातात भरलेली वाटी होती. ती त्यांनी न पिता हळूच खाली ठेवली.

"ते पाहुणे आम्हीच," ते म्हणाले.

तेवढ्यात कुसुम, जिच्या अंगात आता पाणी गेलं होतं, स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही तोंड का झाकून घेतलं?"

मी उपरणं काढलं. गयाबाई मला पाहून इतकी खजील झाली की जणू रांजण तिनेच पळवला होता. पदर सावरत ती घाईने सांगू लागली, न्हाई न्हाई, मास्तरची काई चुकी न्हाई, मीच म्हन्ले न्या म्हनून, पाव्हन्याला गार पानी द्यावंच लागतं. तिने मला दोष दिला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती माझी बाजू घेत होती, त्यामुळे मला कुठे पाहावं ते कळेना. मग तिने उरलेल्या पाण्याची वाटी माझ्यापुढे धरली. मी नको म्हणायला हवं होतं. मनातून मी नकोच म्हणालो. पण वाटी रिकामी झाली, आणि दुसरीही झाली. (तहान लागली की माझ्या मनाचं कुणी ऐकत नाही.)

इंदूने एवढंच विचारलं, "कुंभाराने दिला होता ना?"

दिगंबरने रिकामी घागर उचलली, गयाबाईला वाट विचारली आणि वस्तीवरून भरून आणली. पहिल्यांदाच डोक्यावर घागर घेतल्यामुळे अर्धी त्याच्या सदऱ्यावर सांडली होती, तरी मला तो त्या दिवशी माझ्यापेक्षा बराच मोठा वाटला. आम्ही धपाटे खाल्ले. गयाबाईलाही दिले. मला ते गिळवत नव्हते, म्हणून मी तीनच खाल्ले.

संध्याकाळी घरी पोचताच तात्यासाहेबांनी स्वतः उभं राहून रांजण रिकामा करवला. त्यातलं पाणी तुळशीला, बैलांना आणि आंब्याच्या झाडाला घातलं. मी म्हणालो, सकाळी नेऊ. ते म्हणाले, "जावईबापू, नऊ दिवस झाले. आता जल्दी करा." आणि त्यांनीच पुढे होऊन गाडीत कडबा अंथरला. अंधार पडायच्या आत रांजण आपल्या खळग्यात बसला. गाडीवान पिंपं भरून घेऊनच आला होता. उरलेले दिवस तात्यासाहेब आमच्याकडे पितळी कळशीतलं कोमट पाणी प्यायले, आणि प्रत्येक पेल्यामागे म्हणाले, "उत्तम आहे." ती तारीफ ऐकणं मला फार जड गेलं.

आई बाळंतपण आटोपून आली, तिला कळलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फक्त म्हणाली, पाटी तेवढी तूच रंगवलीस ना.

त्यानंतर बरेच उन्हाळे पाणपोई चालली. रांजणाला कुणी हात लावला नाही. मी मात्र दर पाडव्याला, सगळ्यांच्या आधी जाऊन, पहिली घागर डोक्यावरून नेऊन ओतू लागलो. गयाबाई म्हणायची, "मास्तर, गाडी हाय की." मी म्हणायचो, राहू दे.

एवढ्यावर हे मिटलं असतं. पण त्याच वर्षी पावसाळ्यात मंठ्याला आमची शाळा तपासायला साहेब आले. काम झाल्यावर मी त्यांना आग्रहाने घरी आणलं. कुसुम पाटीवर काहीतरी गिरवत होती. साहेबांनी तिला जवळ घेतलं आणि कौतुकाने विचारलं, "भूगोलाच्या मास्तरांची मुलगी ना तू? मग सांग पाहू, वाळवंट कसं तयार होतं?"

कुसुमने जराही विचार केला नाही. "बाबा रांजण घरी घेऊन येतात, मग होतं."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, पाणी आणू का? गार आहे."

दाराआडून इंदूचा आवाज आला, "घ्या हो, साहेब. या वेळी आमचंच आहे."