मढच्या किनाऱ्यावर गायकवाड साहेब

फोन वाजला की गायकवाड साहेब खुर्चीतून उठून उभे राहत आणि मगच रिसीव्हर उचलत. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, पलीकडे कुणी जनरल असणार. होती बोरिवलीची एक आई. सीमेवरच्या मुलाचं पत्र आलं नव्हतं म्हणून विचारत होती. "बसून बोललं की माणूस थापा मारतो, सुनंदा," साहेब नंतर मला म्हणाले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. फौजेच्या माहिती कार्यालयात मी मराठी टायपिस्ट होते. साहेब घाटकोपरला राहत. आधी फौजेत हवालदार, पाय अधू झाल्यावर या टेबलाशी आलेले. वर्तमानपत्रांना बातम्या देणं हे आमचं काम. पण वरून परवानगी येईपर्यंत अफवा शहरभर फिरून आलेली असे. साहेब तळमळत. "आपण गप्प बसलो म्हणून लोक गप्प बसत नाहीत गं!"

एका सकाळी मढहून फोन आला. कोळ्यांच्या जाळ्यात गंजका तोफगोळा अडकला होता आणि त्यांनी तो होडीत घालून चक्क किनाऱ्यावर आणून ठेवला होता. बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाला पोहोचायला दोन तास लागणार होते. मोठ्या साहेबांनी आम्हाला पुढं पाठवलं, आणि बजावलं, "'तपास चालू आहे' एवढंच बोलायचं. जास्त एक शब्द नाही."

वर्सोव्याहून होडीनं आम्ही पलीकडे मढला गेलो. किनाऱ्यावर पाहिलं तर गोळ्याभोवती जत्रा! एक जण पितळ आहे का बघायला कोयत्यानं गंज खरवडत होता. कुणी म्हणे पाकिस्तानची पाणबुडी आली, कुणी म्हणे आपल्याच बोटीनं गावावर नेम धरला.

"भाऊ, तपास चालू आहे, लांब व्हा," साहेब म्हणाले. कुणी ढिम्म हललं नाही. शेजारच्या बंगल्यात सिनेमाचं शूटिंग चालू होतं. साहेब लंगडत तिथं गेले, त्यांचा भोंगा मागून आणला आणि तोंडाला लावला.

"मी फौजेतनं आलोय. हा गोळा जिवंत आहे का मेलेला, मला माहीत नाही. कधीही फुटू शकतो. मला भीती वाटतेय. माझ्याबरोबर चर्चकडं चला."

कोयतेवाला उठला. माणसं भराभर निघाली. एक म्हातारी मात्र जागची हलेना. गोळ्यापासून दहा पावलांवर तिचा जवला, ती बारीक कोळंबी, वाळत होता. "माजा जवला कोन उचलल?" तिचं पाहून तिच्या सुना, नातवंडंही थांबली.

"मी उचलतो, मावशी. शब्द देतो. तुम्ही चला."

मला वाटलं, वेळ मारून नेली. पण सगळ्यांना चर्चच्या पायऱ्यांवर बसवून साहेब खरंच परत फिरले. मी ओरडले, "साहेब, नका जाऊ!"

"आत्ताच शब्द दिलाय सुनंदा. इथं खोटा पडलो तर पुन्हा कोण ऐकेल?"

ते वाळूत गुडघ्यांवर बसले. ओंजळी भरभरून जवला पाटीत टाकू लागले. मी डोळे मिटले, आणि मिटल्यावर जास्तच भीती वाटली म्हणून पुन्हा उघडले. पाटी घेऊन ते पायऱ्यांपाशी आले तेव्हा शर्ट घामानं चिंब झाला होता. म्हातारीनं पाटीत हात घातला आणि म्हणाली, "अर्धी रेतीच भरलीस की रं!"

दुपारी पथकानं तो गोळा तिथंच खड्ड्यात फोडला. चर्चची तावदानं खडखडली. मघाशी त्या जागेवर पोरं बसली होती.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा होता, 'फौजवालाच घाबरला!' साहेबांना मेमो मिळाला. त्यांनी माझ्याकडून उत्तर टाइप करून घेतलं: 'लोकांना हलवायला खरं सांगण्यावाचून माझ्याकडे काही नव्हतं.' महिन्याभरात त्यांची आसामकडे बदली झाली. निरोपाला मी विचारलं, "पुन्हा तसंच बोलाल?"

"बोलेन. पण भीती आत्ताच वाटायला लागलीय," ते म्हणाले. त्यानंतर आमची भेट नाही.

पुढच्या वर्षी समुद्रात तोफांचा सराव सुरू झाला. मढची ती म्हातारी दोन बायकांना घेऊन ऑफिसात आली. तिघींचे चेहरे उतरलेले.

"तो भिनारा सायेब कुठं हाय?"

मी सांगितलं, बदली झाली. घाबरू नका, नेहमीचा सराव आहे, असंही सांगितलं. तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"मंग आमी आता कोनाचा ऐकाचा?" ती म्हणाली.